फॅट फेस मुद्राक्षरे
फॅट फेस मुद्राक्षरे : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी तयार झालेला अतिशय जाड मुद्राक्षरांचा प्रकार. यात उभ्या रेषेची जाडी अक्षराच्या उंचीच्या सुमारे ४०% असते. जोडरेषा आणि सेरिफ (रेषेच्या टोकाची आडवी पट्टी) मात्र केसासारखी बारीक राहतात. त्यामुळे अक्षराच्या आतील पोकळी अरुंद फटीएवढीच उरते. देवनागरीतही जाड व बारीक रेषा असतात. परंतु तो भेद बोरूच्या तिरप्या टोकातून सहज येतो. येथे तो मुद्दाम ताणलेला आहे.

याचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये दीदो घराण्याने व पार्मा येथे जांबात्तीस्ता बोदोनी (१७४०–१८१३) यांनी रूढ केलेल्या ग्रंथाक्षरांत आहे. लंडनच्या ओतकारांनी त्यातील बारीक रेषा तशाच ठेवून फक्त उभ्या रेषा फुगविल्या. विल्यम सॅव्हिज यांनी १८२२ मध्ये याचे मुख्य श्रेय फॅन स्ट्रीटवरील ओतशाळेचे मालक रॉबर्ट थॉर्न यांना दिले. व्हिन्सेंट फिगिन्स व कॅस्लन यांच्या ओतशाळांनीही हा प्रकार लवकरच उचलला. तोपर्यंत भित्तिपत्रकांची अक्षरे म्हणजे पुस्तकी अक्षरांचीच मोठी रूपे होती. सोडती, नाटके व घोडागाड्यांच्या फेऱ्या यांची पत्रके एकाच भिंतीवर लागू लागल्यावर ती फिकी पडली. १८२० मध्ये थॉर्न वारल्यानंतर विल्यम थॉरोगुड यांनी त्यांची ओतशाळा विकत घेतली, तीही सरकारी सोडतीत मिळालेल्या पैशांतून, असे सांगतात.

टी. सी. हॅन्सार्ड यांनी १८२५ मध्ये या अक्षरांवर कडक टीका केली. ती ग्रंथमुद्रणाच्या मोजमापाने केलेली होती. भित्तिपत्रक आधी दिसावे लागते, मग वाचले जाते, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. खरा दोष वेगळाच होता. दुरून पाहताना बारीक रेषा नाहीशा होतात व शब्दाऐवजी काळ्या खांबांची रांग दिसते. शिवाय छपाईच्या दाबाखाली या रेषा तुटत. जाड चौकोनी सेरिफांची ‘अँटीक’ अक्षरे फिगिन्स यांनी १८१७ च्या सुमारास नमुनापुस्तकात दिली. त्यांत हा दोष नव्हता आणि १८२७ नंतर अमेरिकेत वाढलेल्या लाकडी मुद्राक्षरांनाही ती अधिक मानवली.

विसाव्या शतकात या वळणाचे पुनरुज्जीवन झाले. मॉरिस फुलर बेंटन यांचे ‘अल्ट्रा बोदोनी’ (१९२८) व चॉन्सी ग्रिफिथ यांचे ‘पोस्टर बोदोनी’ (१९२९) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. ही नावे दिशाभूल करणारी आहेत. त्यांचा वंश पार्म्यापेक्षा लंडनशी जवळचा आहे. मॅथ्यू कार्टर यांनी ‘एलिफंट’ (१९९२) हे संगणकीय वळण फिगिन्स यांच्या नमुन्यांवरून उघडपणे बेतले. नियतकालिकांचे मथळे, वेष्टने व भित्तिपत्रके यांवरील दोन-चार शब्दांसाठी ही अक्षरे वापरतात. लहान आकारात शाईने त्यांची पोकळी भरून जाते. म्हणून सलग मजकुरासाठी ती निरुपयोगी ठरतात.