यंत्र आणि अंतर

यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांत फुलसावंगी नांवाचें गांव आहे. ऑगस्ट २०२१ मध्यें, स्वातंत्र्यदिन अवघ्या कांहीं दिवसांवर आला असतां, तेथील एका तरुण कारागिरानें स्वतः घडविलेलें एकआसनी हेलिकॉप्टर रात्रीं चालवून पाहिलें. त्यास मोटारीचें इंजिन बसविलेलें होतें. यंत्र सुरू झालें, पातीं फिरूं लागलीं. इतक्यांत शेपटीकडील पातें तुटून मुख्य पात्यावर आदळलें आणि त्याचा आघात आंत बसलेल्या तरुणाच्या मस्तकावर होऊन त्याचा अंत झाला.

अशा प्रसंगीं कोणी साहसाचें कौतुक करतो, कोणी अविचाराला दोष देतो. परंतु या दोहोंपेक्षां महत्त्वाचा एक प्रश्न आहे. नवें यंत्र प्रथम चालवितांना माणसानें कोठें उभें राहावें? विमानविद्येच्या इतिहासानें या प्रश्नाचें उत्तर हळूहळू शोधून काढलें आहे.

१८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें एक लहानशी नौका तारेवांचून, केवळ विद्युल्लहरींच्या साह्यानें, दुरून चालवून दाखविली. पुढें १९३५ मध्यें इंग्लंडांत 'क्वीन बी' नांवाचें वैमानिकरहित विमान तोफखान्याच्या नेमबाजीसाठीं वापरांत आलें. १९३७ सालीं अमेरिकेंत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं आपलें छोटें विमान रेडिओच्या आज्ञेनें उडविलें. माणूस जमिनीवर आणि यंत्र आकाशांत, अशी ही विद्या छंदिष्टांच्या हातीं आली.

त्याच १९३७ सालच्या एप्रिल महिन्यांत रग्बी येथें फ्रँक व्हिटल यानें आपलें जेट इंजिन प्रथम चालविलें. इंधन आंत सांचून राहिल्यामुळें इंजिन आवरेना. त्याचा वेग वाढतच गेला. भोंवतालचे लोक पळाले, व्हिटल मात्र झडपेपाशीं उभा राहिला. तो वांचला; पण सांचलेलें इंधन काय करूं शकतें, हें त्या दिवशीं कळून चुकलें.

या इंजिनाची रचना ऐकावयास सोपी आहे. पुढचें चाक हवा ओढून दाबतें. मधल्या कोठींत रॉकेलसारखें इंधन जळतें. तापलेला वायु मागचें चाक फिरवून नळींतून वेगानें बाहेर पडतो. दोन्हीं चाकें एकाच दांड्यावर असल्यामुळें मागचें फिरलें कीं पुढचेंहि फिरतें. हें यंत्र खेळण्याएवढें करणें मात्र फार कठीण होतें. १९८३ सालीं इंग्लंडांत असें छोटें टर्बाइन बसविलेलें रेडिओ-विमान उडालें. नंतर कुर्ट श्रेकलिंग या जर्मन गृहस्थानें चक्क प्लायवुडचें हवा दाबणारें चाक करून घरच्या घरीं इंजिन सिद्ध केलें व त्याची कृति पुस्तकरूपानें सर्वांपुढें ठेवली.

आजच्या मोठ्या नमुना-विमानांतील टर्बाइन मिनिटास सुमारें एक लक्ष फेरे घेतें. म्हणून उड्डाणापूर्वीं पाळावयाचा क्रम ठरलेला असतो. पंखांचे बोल्ट घट्ट करावयाचे, विमानाचा तोल पाहावयाचा, सुकाणूचीं पातीं आज्ञेप्रमाणें योग्य दिशेस वळतात कीं नाहीं हें तपासावयाचें. रेडिओचा संबंध तुटल्यास इंजिन आपोआप बंद पडेल, अशी योजना करावयाची. आग विझविण्याचें साधन हाताशीं ठेवावयाचें. आरंभ फसल्यास पुन्हां चालविण्यापूर्वीं आंत सांचलेलें इंधन निथळून टाकावयाचें. व्हिटलच्या दिवसाचीच ही शिकवण. आणि फिरत्या चाकाच्या रेषेंत बाजूस किंवा झोताच्या मागें कोणीहि उभें राहावयाचें नाहीं. चाक फुटलें तर तुकडे त्याच रेषेंत उडतात. उतरतांनाहि सावध राहावें लागतें. कारण मंदावलेलें टर्बाइन आज्ञा मिळतांच वेग घेत नाहीं, त्याला कांहीं क्षण लागतात. ते क्षण चालकानें आधींच हिशेबांत धरलेले असावे लागतात.

फुलसावंगीच्या घटनेनंतर, त्याच ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, भारत सरकारचे ड्रोनविषयक नियम प्रसिद्ध झाले. शिक्षण, संशोधन, चांचणी वा करमणूक यांसाठीं दृष्टीच्या टप्प्यांत उडविलेल्या, २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या नमुना-विमानाला त्यांत स्वतंत्र स्थान मिळालें. या नियमांचा त्या दुर्घटनेशीं संबंध नव्हता; तथापि खेड्यांतल्या कल्पक मुलाला आधीं लहान व माणसावांचूनचें यंत्र उडवून पाहण्याची एक वाट त्यांनीं मोकळी केली.

त्या तरुणापाशीं हिंमत होती, हातांत कसब होतें. ज्याच्यापाशीं हीं दोन्हीं आहेत, त्याला 'असले उद्योग करूं नकोस' असें सांगून तो थांबत नाहीं, आणि थांबूंहि नये. त्याला शाळेंत, कर्मशाळेंत, घरांत एवढेंच शिकवावें कीं, पहिला फेरा यंत्रानें एकट्यानें घ्यावा. पातें तुटावयाचें असेल तर तें रिकाम्या आसनावर तुटावें. यंत्र पुन्हां जोडतां येतें. माणूस पुन्हां जोडतां येत नाहीं.