एक्सर येथील वीरगळ

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यातील एक्सर या जुन्या गावातील कोरीव स्मारकशिला. साष्टी बेटावर, बोरिवली रेल्वेस्थानकाच्या वायव्येस हे गाव होते. आता ते बोरिवली पश्चिमेच्या वस्तीत विरून गेले आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने आमराईत, तळ्याच्या पश्चिम काठावर एका ओळीत असलेल्या सहा शिलांची नोंद केली. त्यांतील मोठ्या शिला सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद असून काळ्या बेसॉल्टमध्ये घडवलेल्या आहेत.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई आणि वीराचा मृत्यू, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, सर्वांत वर कैलासावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, अशी ही मांडणी महाराष्ट्रात गावोगाव दिसते. एक्सरचे वेगळेपण लढाईच्या पट्ट्यांत आहे. काही शिलांवर घोडेस्वार, तिरंदाज आणि हत्ती लढताना दिसतात. इतरांवर मात्र रणभूमी म्हणजे समुद्र. एका शिलेवर उंच नाळेची, डोलकाठी असलेली पाच गलबते ओळीने चालून जात आहेत, प्रत्येकाच्या बाजूला वल्ह्यांची रांग आहे. त्यावरच्या पट्टीत गलबतांनी एका जहाजाला घेरले असून माणसे पाण्यात कोसळताना दिसतात. मध्ययुगीन भारतीय नौकांचे शिल्पांकन एकंदरीत दुर्मीळ; नौकाबांधणीच्या अभ्यासकांना म्हणून हे वीरगळ फार मोलाचे वाटतात.

लढाई कोणाची, हा प्रश्न खुला आहे. शिलांवरील लेख झिजून गेले आहेत, त्यामुळे सगळा भर तर्कावर. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी हे वीरगळ जोडण्याचे मत सर्वांत प्रचलित आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याने या संघर्षाचे वर्णन केले आहे. महादेवाच्या क्रोधापेक्षा समुद्रातला वडवानल बरा, असे मानून सोमेश्वराने जलसमाधी घेतली, असा त्याचा आशय. जमिनीवरचे हत्ती आणि पाण्यातली गलबते दोन्ही येथे आहेत, म्हणून हा मेळ मोहक वाटतो. पण हेमाद्री विजेत्याचा स्तुतिपाठक होता, हे विसरून चालत नाही. दुसरे मत या शिलांना अकराव्या शतकात नेते आणि माळव्याच्या परमार भोजाच्या कोकण स्वारीकडे बोट दाखवते. नाव वाचता येत नाही तोवर दोन्ही मते तर्कच राहणार.

अलीकडे साष्टी बेटाच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणामुळे उपनगरांतील अशा विखुरलेल्या शिलांकडे पुन्हा लक्ष गेले. एक्सरचे गावकरी वीरगळांना देव मानून पूजतात. २०२२ पासून येथे मेट्रोचे एक्सर स्थानक असून शेजारी मंडपेश्वर हे स्थानक आहे. तेथील लेणी पाहायला आलेल्याला एकाच फेरीत दोन्ही ठिकाणे पाहता येतात.