स्पॅनिशमधली तणांची माहिती इंग्रजीत नीट कशी आणायची?

यवतमाळ जिल्ह्यात पराटीच्या वावरात, धुऱ्यावर, पांदणीला दिसणारी बरीच तणं मूळची इथली नाहीत. गाजरगवत, घाणेरी, एकदांडी ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेली. गाजरगवत खाणारा भुंगासुद्धा १९८३ मध्ये मेक्सिकोतूनच भारतात आणला गेला. साहजिकच या झाडांच्या मूळ मुलखातली पुष्कळ माहिती स्पॅनिशमध्ये आहे. कोनाबिओ या मेक्सिकोच्या सरकारी संस्थेची ‘मालेसास दे मेहिको’, म्हणजे ‘मेक्सिकोतील तणं’, ही वेबसाइट मी त्यासाठी वापरतो.

गावात नाव बदलतं, म्हणून शोधताना शास्त्रीय नाव टाका. गाजरगवतासाठी ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’. पान सापडलं की मोबाइलवरचं भाषांतर लगेच होतं. पान, फूल, बी यांचं वर्णन बहुतेक नीट येतं. घोळ होतो तो ‘आबितात’, म्हणजे अधिवासाच्या ओळीत. कारण माणसानं त्या जमिनीचं काय केलं, हे तिथं सांगितलेलं असतं.

नेहमी लागणारे शब्द असे:

- पेर्तुर्बादो: इंग्रजीत ‘डिस्टर्ब्ड’. रोजच्या भाषेत हा शब्द अस्वस्थ माणसालाही लावतात. इथं अर्थ खोदलेली, तोडलेली, तुडवलेली जागा.
- रुदेराल: इंग्रजीत ‘रुडरल’. रस्त्याकडेला, उकिरड्यावर, पडक्या भिंतीपाशी उगवणारं.
- आर्वेन्से: ‘वीड ऑफ कल्टिव्हेटेड फील्ड्स’. नांगरल्या वावरात, पिकात येणारं.
- बार्बेचो: ‘फॅलो’. काही काळ न पेरता ठेवलेलं शेत, आपल्याकडची चालू पड.
- अकाउआल: मेक्सिकोतला शब्द. शेती सोडून दिल्यावर वाढलेलं झुडपी रान. इंग्रजीत ‘सेकंडरी ग्रोथ ऑन अबँडन्ड क्रॉपलँड’ लिहा.
- पोत्रेरो: ‘पाश्चर’. चराईची जागा. आपल्याकडे ई-क्लास म्हटलं की जसं डोळ्यासमोर येतं तसं.
- बोस्के इंतेर्वेनिदो: शब्दशः ‘इंटरव्हीन्ड फॉरेस्ट’ होतं, पण त्यातून काहीच कळत नाही. ‘डिस्टर्ब्ड फॉरेस्ट’ लिहा. टिपेश्वरसारख्या पानझडी जंगलाच्या कडेला लाकूडतोड, चराई झाली तर तो भाग या शब्दात बसेल.

यातली पहिली मोठी गफलत म्हणजे रुदेराल आणि आर्वेन्से दोन्हींना नुसतं ‘वीड’ म्हणणं. शेतकऱ्यासाठी फरक पैशांचा आहे. रस्त्याकडेचं तण धुऱ्यावर कापून भागेल; पिकातल्या तणाला डवरणी आणि निंदणाची मजुरी लागते. दुसरी गफलत बार्बेचो आणि अकाउआल दोन्हींना ‘पडीक’ म्हणण्याची. एक जमीन पुढच्या हंगामात पेरायची असते, दुसरी वर्षानुवर्षं सुटलेली असते.

माझी पद्धत सोपी आहे. एकटा शब्द टाकत नाही, पूर्ण ओळ टाकतो. एआय चॅटबॉट वापरत असाल तर आधी सांगा, ‘हे वनस्पतीच्या अधिवासाचं वर्णन आहे, प्रत्येक जागेचा प्रकार वेगळा ठेव.’ आधी इंग्रजी करून तपासा, मग मराठीत आणा. मूळ स्पॅनिश शब्द मात्र शेजारी राहू द्या. शंका आली तर परत बघता येतो.