नांदायला या, नाहीतर तुरुंगात जा

मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक लेक वकिलाची नोटीस घेऊन आली. मारहाणीला कंटाळून ती आठ महिने माहेरी राहते आहे. नोटिशीत लिहिलं होतं, नांदायला या, नाहीतर कोर्टात दावा लावू. तिच्या आईचा एकच प्रश्न, "पोलीस धरून नेतील का हो पोरीला?" त्यावरून आम्ही रखमाबाईंची गोष्ट काढली.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. त्या सासरी गेल्याच नाहीत. मुंबईला आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून शिकल्या. 1884 साली दादाजींनी दावा केला, माझी बायको मला मिळावी. हे असलं दाव्याचं शास्त्र आपल्याकडचं नव्हे बरं का, ते इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टांतून इथे आलं. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये दावा फेटाळला. अपील झालं, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कळवलं, कैद चालेल. 'केसरी'तून टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लिहिलं, ते लिहिणारे एकटे नव्हते. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेला बायकांवर उपचार करू लागल्या.

गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद 1884 सालीच बंद झाली होती. आपल्याकडे ती जायला 1923 साल उजाडलं. म्हणून त्या आईला आम्ही पहिल्यांदा हेच सांगितलं: अशा दाव्यात नांदायला गेली नाही म्हणून कुणाला तुरुंगात घालत नाहीत.

दावा मात्र राहिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 तेच आहे. ते नवऱ्यालाही वापरता येतं, बायकोलाही. वकील म्हणतात, बघा, दोघांना सारखाच हक्क! 1983 साली आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी इथेच बोट ठेवलं. दोघांची परिस्थिती सारखी नाही, मग एकच नियम दोघांना लावला की तो बाईवर जड पडतो. मूल व्हावं की नाही हेही तिच्या हातात राहत नाही. त्यांनी कलम रद्द केलं. पण 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दुसऱ्या खटल्यात ते कायम ठेवलं, संसार वाचवायला उपयोगी पडतं म्हणून. स्त्रीवादी अभ्यासक नियमातली समानता आणि परिणामातली समानता असा जो भेद करतात तो हाच. आमचं मत चौधरींच्या बाजूचं. दोघींना सारखंच खुरपं दिलं पण एकीच्या कडेवर मूल असलं तर ओळ सारखी निघेल का?

आता कामाचं. नोटीस आली तर गप्प बसू नका, तारखेला हजर राहा. तुम्ही गेला नाहीत तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. वेगळं राहायला कारण असेल तर ते कोर्टापुढे मांडता येतं. मारहाणीचे दवाखान्यातले कागद, पोलिसांतला अर्ज जपून ठेवा. हुकूम झाला आणि वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर दोघांपैकी कुणीही त्यावरून घटस्फोट मागू शकतं. काही नवरे दावा लावतात तो याच हिशेबाने, आणि पोटगी चुकवायला. पण जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे, असा हुकूम बाईने पाळला नाही तरी योग्य कारण असेल तर तिची पोटगी तेवढ्यावरून बुडत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

त्या लेकीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गटातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत.