ब्लॉक हीटर
डिझेल इंजिन कडाक्याच्या थंडीत सुलभतेने सुरू व्हावे म्हणून त्याच्या ओतीव ठोकळ्यातील शीतक द्रव आगाऊ ऊन करणारे विद्युत्-उपकरण. ठोकळ्याच्या बाजूची एक गोल टोपी काढून त्या भोकात याची तापणारी नळी बसवितात. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांना याचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, आणि ती उष्णता गार धातूने शोषून घेतली, वंगण घट्ट झाले व बॅटरी मंदावली, म्हणजे स्टार्टर कितीही फिरविला तरी सायलेन्सरातून केवळ पांढरा धूर निघतो. छत्रपती संभाजीनगरच्या मुलखात, जेथे पौषातही पहाटेचा पारा सहसा १० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतो, याची जरुरी नाही. सुस्थितीतील बॅटरी व योग्य वंगण पुरेसे होय. परंतु वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माल भरलेला ट्रक हिवाळ्यात लडाखात मुक्कामास राहिला, तर डिझेलातील मेण गोठून फिल्टर तुंबण्याची धास्ती असते; हीटर इंजिन तापवितो, टाकी नव्हे. याच कारणास्तव इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल तेथे उपलब्ध केले. टाकीखाली जाळ करण्याचा प्रघात मात्र सर्वथा घातक असून तो त्याज्य समजावा.