पणजीची भिंत आणि नगरचा दरबार

पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या भिंती अझुलेजोंनी, म्हणजे चित्रांकित फरशांनी मढवलेल्या आहेत. चित्रकार जोर्जे कोलासो, साल 1935. विषय, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ‘ओस लुसियादास’ या वास्को द गामाच्या भारतप्रवासावरच्या महाकाव्यातले प्रसंग. भाजलेल्या मातीला पांढरी झिलई द्यायची, तिच्यावर निळ्याने चित्र काढायचे आणि फरशी पुन्हा भट्टीत घालायची. कोरडी झिलई रंग लगेच शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही.

मग ही भिंत कशाचा पुरावा? 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, त्या घटनेचा नव्हे. कामोंइश गोव्यात आला 1553 मध्ये, त्याचे काव्य लिस्बनला छापले गेले 1572 मध्ये. भिंत त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी झाली. ती साक्ष देते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीची आणि तिला हव्या असलेल्या भूतकाळाची. 1930 च्या वसाहत कायद्याने गोव्यावरची पकड आवळली, तेव्हा लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क ठणकावून मांडला. गोवामुक्तीनंतर संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. दारावरचे नाव आणि आतली भिंत एकत्र वाचली तरच हा इतिहास पुरा होतो.

या काव्याच्या कवीचा धागा अहमदनगरपर्यंत (आजच्या अहिल्यानगरपर्यंत) पोचतो. 1563 मध्ये गोव्यात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. कामोंइशची छापून आलेली पहिली कविता त्याच ग्रंथात आहे. ऑर्ता नगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी आणि ग्रंथात त्याचा उल्लेख आपुलकीने करतो. सुलतान त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी, ऑर्ता त्याला लॅटिन नावे सांगे. काव्यातल्या विजयगाथेशेजारी देवाणघेवाणीची ही नोंदही तितकीच अस्सल आहे.

नगर पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवले. उद्या नगरकरांनी आपला इतिहास अशाच फरशांवर उतरवला, तर भुईकोट किल्ला, फराहबाग, दमडी मशीद या वास्तूंबरोबर सुलतान आणि वैद्य यांनाही एक चौकट द्यावी. आणि कोपऱ्यात कारागिराचे नाव व साल न विसरता घालावे. पुढच्या अभ्यासकाचे काम तिथूनच सुरू होईल.