‘जेवून रायलो होतो’ आणि इंग्रजीचा तास

आमच्या वऱ्हाडात घाटाखाली खामगाव-शेगावकडे असो की घाटावर मेहकर-चिखलीकडे, रात्री लाइट गेली की दुसऱ्या दिवशी पोरगं सांगतं, ‘लाइट गेली तवा आमी जेवून रायलो होतो.’ इंग्रजीचा चालू भूतकाळ मराठीत याहून नेमका सांगता येत नाही, असं मी इंग्रजीचा शिक्षक म्हणून ठामपणे म्हणतो. आणि वर्गात हेच वाक्य अशुद्ध म्हणून खोडलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. राज्यं बदलली, पण व्याकरण आलं ते मुंबई-पुण्याच्या मराठीचंच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. दोन्ही थोर कामं. तर्खडकर भाषांतर पाठमालेनं कित्येक पिढ्यांना वाक्य फिरवून इंग्रजी शिकवली. त्या वाटेवर एक समीकरण पक्कं झालं: ‘वॉज’ किंवा ‘वर’ आणि पुढे ‘आयएनजी’, म्हणजे ‘-त होता’. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली, तरी गाइडांत समीकरण तेच आहे.

अडचण तिथेच आहे. प्रमाण मराठीतलं ‘जात होतो’ दोन कामं करतं. ‘काल बाजारात जात होतो, तेवढ्यात पाऊस आला’ यात क्रिया अर्ध्यावर आहे. ‘लहानपणी आम्ही पायीच शाळेत जात होतो’ यात सवय आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘वॉज गोइंग’ आणि दुसऱ्याला ‘यूज्ड टु गो’ किंवा नुसतं ‘वेंट’. समीकरण पाठ केलेला मुलगा दोन्हीकडे ‘वॉज गोइंग’ लिहितो आणि गुण गमावतो.

वऱ्हाडीत हा घोटाळा होत नाही. सवयीला कोणी ‘लहानपणी शाळेत जाऊन रायलो होतो’ म्हणत नाही. ‘जाऊन रायलो होतो’ म्हणजे माणूस वाटेवरच आहे. ‘मले माहीत होतं’ याचंही कोणी ‘माहीत होऊन रायलं होतं’ करत नाही, तसंच इंग्रजीत ‘आय वॉज नोइंग’ चालत नाही. एक ठिकाण मात्र सांभाळावं लागतं. आपण ‘मले वाटून रायलं होतं’ म्हणतो, तिथे इंग्रजी बहुतेक वेळा ‘आय थॉट’ एवढंच म्हणते. तेवढं वेगळं सांगावं.

‘रायलो’त ‘राहणे’ हे क्रियापद आलं ते उगाच नाही. शेजारची हिंदी ‘खा रहा था’ म्हणते. जुन्या इंग्रजांनीही ‘ही वॉज ऑन हंटिंग’, म्हणजे तो शिकारीवर होता, अशी रचना वापरली. तो ‘ऑन’ झिजून ‘अ-हंटिंग’ झाला आणि मग पार गळाला. चालू क्रियेत माणूस मुक्कामाला असतो, ही समज इंग्लंडात होती तशी आपल्या घाटाखालीही आहे.

माझ्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. हा काळ शिकवताना तक्ता लावण्याआधी पोरांना विचारा, ‘काल पाऊस आला तवा तुमी काय करून रायले होते?’ ती जे सांगतील ते फळ्यावर त्यांच्याच बोलीत लिहा, आणि शेजारी इंग्रजी वाक्य लिहा.